कोरकू, हिंदी आणि मराठी एकाच वर्गात: पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका शाळेत रुजू झालो, त्या पहिल्याच आठवड्यात पहिलीच्या मुलांना एक साधी गोष्ट सांगितली. काकूने चूल पेटवली, काकूने भाकरी केली, काकूने सगळ्यांना वाढली. मग म्हटलं, ऐकलं त्याचं चित्र काढा. एका मुलीने चूल काढली, जाळ काढला आणि चुलीशेजारी एक मोठा मासा काढला, खवले न् खवले दाखवलेला. मी वहीत तिच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' असं लिहीत होतो, तेवढ्यात चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्यात काकू म्हणजे मासा."

त्या मुलीने प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला होता. चूक माझ्या नोंदीत होती. मुलाला एखादी गोष्ट कळत नाही आणि ती मराठीत कळत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुभाषिक वर्गात शिकवणाऱ्याने दिवसातून दहा वेळा हा फरक तपासायचा असतो. पुढे लिहिलेलं सगळं त्या एका तपासणीसाठीच आहे. माझा अनुभव मेळघाटातला आहे, म्हणून उदाहरणं कोरकूची आहेत. तुमच्या वर्गात पावरी, माडिया, गोरमाटी किंवा पारधी असेल तर शब्द बदलतील, रीत तीच राहील.

आधी भाषेची थोडी ओळख

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे, झारखंडच्या संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांहून जास्त होते, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसं. अनेकवचनाला 'कू' लागतो आणि नेमक्या दोघांसाठी 'किंग' असा वेगळा प्रत्यय आहे. द्विवचन आपल्याकडे संस्कृतबरोबर मागे राहिलं, ते ही मुलं रोज बोलतात. 'यांना भाषाच नाही' असं शिक्षकांच्या खोलीत सहज बोललं जातं. ते आधी आपल्याच मनातून काढायला हवं, कारण ते मनात असलं की मुलांना ते आपल्या चेहऱ्यावर दिसतं.

पायरी १: वर्गाचा भाषानकाशा काढा

विदर्भात शाळा जूनअखेर उघडते. पहिले आठ-दहा दिवस पुस्तक बाजूला ठेवा आणि वहीचं एक पान आखा: मुलाचं नाव, आई-आजीशी कुठली भाषा, मित्रांशी कुठली, दुकानात कुठली, मराठी किती समजते, मराठी किती बोलतो. समजणं आणि बोलणं हे रकाने वेगळेच ठेवा. बरीच मुलं समजतात पण बोलत नाहीत, आणि आपण त्यांना 'मराठी येत नाही' या गटात टाकून मोकळे होतो.

'तुमची मातृभाषा कोणती?' असं पालकांना विचारू नका. शाळेत काय सांगायचं असतं हे त्यांना माहीत असतं, ते मराठी नाहीतर हिंदी सांगतात. त्याऐवजी विचारा, "रात्री झोपताना आजी कुठल्या भाषेत बोलते?" आणि खरी माहिती हवी असेल तर खिचडीच्या रांगेत, हातपंपावर आणि भांडणात कान द्या. भांडताना मूल घरच्याच भाषेत बोलतं.

माझ्या वर्गाचा नकाशा असा निघाला: बहुतेक मुलं कोरकू, चार-पाच घरी हिंदी बोलणारी, दोन घरी वऱ्हाडी मराठी, आणि एक मुलगा घरी गोंडी बोलणारा. आपसात खेळताना सगळे मेळघाटी हिंदी बोलत. म्हणजे शाळेची मराठी ही बहुतेकांची दुसरी नाही, तिसरी भाषा होती. हे कळल्यावर माझं सगळं टाचण बदललं.

पायरी २: शिक्षकाने आधी पन्नास शब्द शिकायचे

सहा वर्षांच्या मुलाने शाळेत येऊन आपली भाषा शिकावी अशी अपेक्षा असेल, तर मोठ्या माणसाने पन्नास शब्द शिकणं ही सुरुवात आहे. प्राणी-पक्षी, फुलं-फळं यांपासून सुरू करू नका. आधी मुलाच्या गरजेची वाक्यं घ्या: पोट दुखतं, लघवीला जायचं, भीती वाटते, त्याने मारलं, भूक लागली, समजलं नाही. पहिलीतलं मूल चड्डी ओली करून बसतं ते परवानगी मागायचे शब्द नसतात म्हणून, हे मी पाहिलं आहे. त्यानंतर सूचना शिका: ये, बस, बघ, ऐक, पुन्हा सांग. मग नाती, अंक, आणि गावातल्या वस्तू.

शिकायचं मुलांकडून आणि अंगणवाडीच्या मदतनीस ताईंकडून. खिशात एक छोटी वही ठेवा, शब्द देवनागरीतच लिहा आणि मुलांना वाचून दाखवा. ती उच्चार सुधारतील. गावागावात उच्चार थोडा बदलतो, तेव्हा कुठल्या छापील यादीपेक्षा तुमच्या गावाचा उच्चार खरा धरा. गुरुजी आपल्याकडून शिकतायत हे पाहिलं की वर्गात गप्प बसणारी मुलंही पुढे सरकतात. माझ्याशी महिनाभर एक शब्दही न बोललेल्या मुलाने तोंड उघडलं ते माझा 'डा' दुरुस्त करायला. डा म्हणजे पाणी.

या वहीत 'फसवे शब्द' असं एक पान नक्की ठेवा, म्हणजे दोन्ही भाषांत असलेले पण अर्थ वेगळा असलेले. काकू म्हणजे मासा. गाडा म्हणजे नदी, ओढा. 'शेतकरी गाडा घेऊन निघाला' हे वाक्य कोरकू मुलाच्या डोळ्यांपुढे काय उभं करत असेल, त्याचा विचार करा.

पायरी ३: कुठली भाषा कधी, हे ठरवून ठेवा

इथे बहुतेक जण घसरतात, मीही घसरलो होतो. उत्साहाच्या भरात मी प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि लगेच मोडक्यातोडक्या कोरकूत किंवा हिंदीत सांगायचो. आठवडाभरात मुलांनी मराठी ऐकणंच सोडलं. लगेच आपल्या भाषेत येणार आहे हे माहीत असेल तर कान कशाला द्यायचा? वाक्यागणिक भाषांतर करू नका.

भाषांचे तास वाटून द्या. पहिलीच्या पहिल्या सत्रात माझा दिवस साधारण असा असतो. परिपाठानंतर अर्धा तास घरच्या भाषेत गप्पा: काल काय झालं, रानात काय दिसलं. नवीन कल्पना, मग ती बेरीज असो की पाण्याची वाफ होणं, आधी मुलांच्या भाषेत. मला तेवढी कोरकू येत नाही, म्हणून तिथे तिसरी-चौथीतलं एखादं मूल, ताई किंवा गावातली शिकलेली मुलगी मदत करते. त्यानंतर त्याच विषयावर मराठीचा तोंडी तास, आणि त्या तासात मी फक्त मराठी बोलतो, सोपी, हावभावांसकट. मुलाने मात्र कुठल्याही भाषेत उत्तर द्यावं. शिक्षकाची भाषा त्या तासापुरती पक्की, मुलाची मोकळी.

मोठ्या मुलाला दुभाष्या करताना जपा. रोज एकालाच बसवलं तर त्याचा अभ्यास बुडतो. पाळी लावा, आणि त्याने सांगितलेलं त्याच्या वहीतही लिहून घ्या, म्हणजे त्याचंही शिकणं होतं.

पायरी ४: चित्रगप्पा, चार दिवसांच्या

एकच पद्धत उचलायची असेल तर ही उचला. मोठ्या कागदावर मुलांच्या ओळखीचं एक दृश्य काढा. माझं पहिलं चित्र मोहफुलं वेचण्याचं होतं: झाडाखाली बायका, टोपल्या, पहाटेचा उजेड, बाजूला एक कुत्रं.

पहिल्या दिवशी फक्त मुलांची भाषा. चित्रात काय दिसतं, तुम्ही कधी गेलात, कोण किती वाजता उठतं? मी बोलत नाही, ऐकतो. मोहाचं फूल पहाटे गळतं आणि ऊन चढायच्या आत उचलावं लागतं, हे मला मुलांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याच चित्रावर आठ-दहा मराठी शब्द आणि तीन क्रियापदं. टोपली, फूल, झाड, आजी, कुत्रा. वेचते, वाकते, भरते. करून दाखवायचं, करून घ्यायचं. "वाका!" म्हटलं की सगळा वर्ग वाकतो. बोलायची सक्ती नाही.

तिसऱ्या दिवशी वाक्यं. मी अर्धं वाक्य देतो, "आजी फुलं..." आणि मुलं पुरं करतात. मग जोडीने एकमेकांना विचारतात.

चौथ्या दिवशी मुलांनी सांगितलेली चार-पाच वाक्यं मी त्यांच्यासमोर तक्त्यावर लिहितो. वर कोरकूत, खाली मराठीत, दोन रंगांच्या खडूंनी. बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा तसंच ऐकू येतं, हा शोध मुलाला आधी त्याच्या भाषेत लागला पाहिजे. तक्ता भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. वर्षभरात असे वीसेक तक्ते झाले की वर्गाचं पहिलं वाचनपुस्तक तयार होतं, एका पैशाच्या खर्चाशिवाय.

पायरी ५: अक्षरं निवडताना दोन्ही भाषांकडे बघा

कोरकू देवनागरीत लिहिता येते, ही मोठी सोय आहे. एकदा लिपी हाती आली की ती दोन्हीकडे चालते. म्हणून पहिला अक्षरगट असा निवडावा की त्यातून दोन्ही भाषांचे अर्थपूर्ण शब्द निघतील. ड, क, ग, ल ही चार अक्षरं आणि काना व दीर्घ ऊकार घ्या. कोरकूत लगेच डा, काकू, गाडा वाचता येतात. मराठीत काका, लाडू, गाल, डाग, गडू, आणि पुन्हा काकू, गाडा. 'र' आणि 'उ' आले की 'उरा' म्हणजे घर वाचता येतं.

पहिल्याच दिवशी एक अक्षर आणि एक काना शिकून मुलाने 'डा' वाचलं आणि खिडकीतून पावसाकडे बोट दाखवलं, तर वाचन म्हणजे काय हे त्याला कळलं. 'अ अननसाचा' म्हणून ते कळत नाही. अननस त्याने पाहिलेलाच नसतो.

मुलाने कोरकू शब्द लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर सोडून द्या. मराठी शब्दांचंही पहिल्या वर्षी सोडून द्या. हिंदी बोलणारी मुलं 'शाळा' ऐवजी 'शाला' म्हणतात, कारण 'ळ' त्यांच्या कानावर नवा असतो. गोळी, केळी, माळ, फळा असे शब्द खेळात घोळवले की तो महिन्या-दोन महिन्यांत बसतो.

पायरी ६: तो, ती, ते

मराठीत सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे लिंग. कोरकूत नामांना आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, तिथे सजीव-निर्जीव हा भेद महत्त्वाचा. हिंदीत दोनच लिंगं, नपुंसकलिंग नाही. त्यामुळे 'गाय आला' आणि 'झाड पडली' हे वर्षभर ऐकू येणार. ही भाषेची स्वाभाविक वाट आहे, आळस नाही.

दोन गोष्टी करा. शब्दकार्डावर नाम एकटं कधीच लिहू नका: 'तो डोंगर', 'ती नदी', 'ते पान', असं जोडीनेच लिहा आणि जोडीनेच म्हणा. दुसरं, बोलताना मुलाला अडवू नका. मूल म्हणालं, "गुरुजी, गाय आला," तर म्हणा, "गाय आली? कुठून आली? एकटीच आली?" एका उत्तरात तीन वेळा बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं आणि त्याचं बोलणंही तुटलं नाही. 'आला नाही, आली म्हण' असं चार वेळा झालं की पाचव्यांदा ते गाईबद्दल सांगायला येत नाही.

काही ठिकाणी कोरकू मूल पुढेही असतं. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही' हा फरक मराठीत आहे, कोरकूतही आहे, हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. कोरकू मुलाला तो चटकन कळतो. अशा वेळी वर्गाला मोठ्याने सांगा की यांच्या भाषेत हे आधीपासून आहे.

पायरी ७: संख्या

मिया, बारी, आफई, उफुन, मोनोय: एक ते पाच. दहा म्हणजे गेल, आणि अकरा म्हणजे गेल-मिया, दहा-एक. वीस म्हणजे इसा. मोजणीची रचना शब्दातच दिसते. मराठीत 'अकरा'मध्ये ना दहा दिसतो ना एक. 'त्रेचाळीस'मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि चार नंतर, म्हणून मूल ३४ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तर वजाबाकी दडलेली आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार जाहीरपणे मांडला. माझ्या वर्गापुरतं सांगतो: या मुलांना ती रीत पूल म्हणून फार उपयोगी पडते. पण पूल ओलांडायचाही असतो. 'त्रेचाळीस' यायलाच हवं.

क्रम असा ठेवा. तेंदूची पानं वेचून पुडके बांधणाऱ्या घरातली ही मुलं आहेत, जुडी बांधणं त्यांच्या हातात आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधायला लावा. घरच्या भाषेत मोजू द्या. मग 'चार दहा आणि तीन', मग 'चाळीस तीन', आणि हाताखाली जुड्या असतानाच 'त्रेचाळीस'. घाई केली नाही तर दुसरीच्या दिवाळीपर्यंत पन्नासपर्यंतची नावं पक्की होतात. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात मूल अडलं तर तेच उदाहरण त्याच्या भाषेत विचारून घ्या. उत्तर आलं तर गणित येतं, मराठी वाक्य राहिलं आहे. त्या वाक्यावर काम करा, पाढे पुन्हा घोकायला लावू नका.

पायरी ८: नोंदी दोन रकान्यांत

हाच धागा मूल्यमापनात धरा. प्रत्येक अध्ययन निष्पत्तीपुढे, म्हणजे मुलाला जे यायला हवं त्या प्रत्येक मुद्द्यापुढे, दोन रकाने: 'घरच्या भाषेत सांगतो' आणि 'मराठीत सांगतो'. पहिल्या सत्रात पहिला रकाना भरलेला आणि दुसरा मोकळा असेल तर काळजी नको. दोन्ही मोकळे असतील तर त्या मुलाकडे तातडीने बघा: ऐकू येतं का, दिसतं का, घरी काही झालं आहे का, पोटात अन्न आहे का.

इंग्रजीचं थोडक्यात: पहिलीत गाणी, सूचना आणि वस्तूंची नावं एवढीच ठेवा, आणि मराठीच्या तासात ती मिसळू नका.

पायरी ९: पालक आणि वरिष्ठ

पालकसभेत एक वडील मला म्हणाले, "कोरकू आम्ही घरी शिकवतो गुरुजी, तुम्ही मराठी शिकवा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात, तहसील कार्यालयात त्यांना मराठी न आल्याचा त्रास झालेला असतो. अशा वेळी भाषण देऊ नका. पुढच्या सभेत मुलांना आधी मराठी तक्ता वाचायला लावा, मग त्याच तक्त्यावरचा कोरकू मजकूर. मग आजी-आजोबांना एक गोष्ट सांगायला बोलवा आणि मुलांकडून ती लिहून घ्या. फगव्याच्या दिवसांत, म्हणजे होळीनंतर, गाणी लिहून घ्यायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

भेटीला आलेले अधिकारी पहिलीच्या मुलाला पुस्तक उघडून वाचायला सांगतात आणि मूल गप्प राहतं, हा प्रसंग तुमच्यावरही येईल. तेव्हा तुमचा भाषानकाशा, दोन रकान्यांची वही आणि भिंतीवरचे तक्ते दाखवा. आधार विचारला तर तोही आहे: राज्यघटनेचं कलम ३५०-अ, जे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणतं, शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९, जे शक्य तितकं मातृभाषेतून शिकवायला सांगतं, आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, जे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. ओडिशात २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्ग सुरू झाले, हेही सांगा. आणि आपल्याकडे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला वारली मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती.

दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडतात. जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड, द्याच, पण त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: हा घरी कोरकू बोलतो, मराठी समजतो, बोलायला लाजतो, गणितात जुड्यांनी पन्नासपर्यंत जातो. तिकडच्या शिक्षकाला सुरुवात करायला तेवढं पुरतं.

आणि तो एकटा मुलगा

वर्गात एकाच मुलाची भाषा वेगळी असते तेव्हा वरच्या बऱ्याच पायऱ्या लागू पडत नाहीत. माझ्याकडचा गोंडी बोलणारा मुलगा तसा होता. तो सगळ्यांची कोरकू-हिंदी समजायचा, त्याचं कुणी समजायचं नाही. त्याच्यासाठी तीन गोष्टी केल्या. शांत स्वभावाचा एकच जोडीदार वर्षभर दिला. त्याच्या आईला महिन्यातून एकदा बोलावून चित्रगप्पा त्यांच्या भाषेत करून घेतल्या आणि मी लिहून घेतल्या. आणि प्रत्येक तक्त्यावर एक शब्द त्याचा ठेवला. पाण्याच्या चित्राखाली आता तीन ओळी आहेत: डा, एर, पाणी. मधली ओळ त्याने स्वतः लिहिली आहे, 'र' उलटा काढून. मी तो तसाच ठेवला आहे.